फुटक्या बांधावरचा थांबा

नौपाडा, ठाणे
रविवार, ता. ११ एप्रिल १९५४

तीर्थरूप विश्राममामांच्या पायांशी भाचा त्र्यंबक याचे साष्टांग दंडवत, आणि पत्राला दीड महिना उशीर झाला म्हणून आणखी एक.

तुमच्या गुडघ्यांना नव्या तेलाने उतार पडला का, मामींचा दमा उन्हाळ्यात तरी गप्प आहे का, हे कळवावे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मी मध्यंतरी आठ दिवस तापाने निजून होतो, पण तो ताप डॉक्टरांच्या मते उन्हाचा आणि तुमच्या भाचेसुनेच्या, मंदाकिनीच्या मते दुसऱ्याच कशाचा तरी. तुम्ही सरकारी नोकरीत तीस वर्षं चौकशीचे अहवाल वाचलेत, तेव्हा कोणाचं खरं ते तुम्हीच ठरवा.

गेल्या पत्रात तुम्ही आमच्या मोटारीबद्दल विचारलं होतंत. (मोटार म्हणजे ठाणे स्टेशन ते कोलशेत जाणारी बस. 'आमची' हा शब्द मी संक्रांतीपासून वापरतो.) पूर्वी ती मुंबईच्या एका कंत्राटदाराची होती. हा गृहस्थ या रस्त्यावर एकदाही आला नव्हता. कुठे थांबायचं, कुठे नाही, हे तो गिरगावात बसून नकाशावर बोट ठेवून ठरवी. तक्रार करायची तर पत्राने करायची, आणि उत्तर आलंच तर त्यात आमच्या मार्गाच्या जागी भलत्याच मार्गाचं नाव असे. शेवटी त्याने परवाना सोडला, आणि आम्ही ठाण्याच्या व खाडीकडच्या गावच्या मंडळींनी मिळून सहकारी संस्था काढली. ड्रायव्हर काळुराम आणि कंडक्टर सहदेव हे दोघे जुनेच राहिले. सेक्रेटरी मी झालो, कारण सभेला दौत-टाक घेऊन गेलेला मी एकटाच होतो.

मोटारीबरोबर तिचं भूतही संस्थेच्या ताब्यात आलं. हे मी विनोदाने लिहीत नाही.

कोलशेतहून परतताना मिठागरांच्या मधून जो रस्ता येतो, तो भरतीचं पाणी लागू नये म्हणून पुरुषभर उंच बांधावरून नेलेला आहे. मध्ये एक मोरी आहे, तिथे वळण असल्याने मोटार हळू होते. त्या जागेला फुटका बांध म्हणतात. मी कोलशेतच्या सकाळच्या शाळेत शिकवून रोज दुपारी बाराच्या फेरीने घरी येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या दसऱ्यापासून त्या वळणावर रोज दुपारी बाईचा आवाज येई. 'थांब रं' एवढंच. ओरडणं नव्हे, रडणं नव्हे. घरातल्या माणसाला दारातून हाक मारावी तसा. बाहेर पाहावं तर रस्त्यावर कोणी नाही. दोन्ही बाजूंना पांढरं मीठ आणि त्यावर ऊन, खाली कडेला तिवरांची झुडपं. सावलीसुद्धा नाही, मग माणूस कुठून असणार.

काळुराम तिथे हॉर्न दाबून धरी. सहदेव रामाचं नाव घेई, ख्रिस्ती बायका छातीवर क्रूस काढीत, आणि मी खिडकीचा कॅनव्हासचा पडदा खाली ओढून भूगोलाच्या वह्या तपाशी. (त्या काळात तपासलेल्या वह्यांत मी मुंबईला हिमालयात बसवल्याचं नंतर मुलांनीच दाखवून दिलं.) डिसेंबरात, नाताळच्या आधी चार-पाच दिवस, तो आवाज फार जवळ आला होता. मोटारीच्या चाकाखालूनच आल्यासारखा. आणि त्या दिवसांत ती नुसतं 'थांब' म्हणत नव्हती, 'देवाच्यान थांब' म्हणत होती. मी पडद्याची दोरी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. मग पंधरवडाभर काही ऐकू आलं नाही. मग पुन्हा आला, पहिल्यासारखा शांत.

संस्था झाल्यावर उतारूंचा अर्ज आला, की एक तर तिथे शांत करा नाही तर रस्ता बदला. सभेत दोन तास वाद झाला. रस्ता बदलणं आमच्या हाती नव्हतं, आणि शांत कोणत्या धर्माची करायची यावर मतं पडली, कारण भुताचा धर्म कोणालाच ठाऊक नव्हता. अखेर ठराव झाला की सेक्रेटरीने जागेवर उतरून पाहणी करावी. कंत्राटदाराच्या काळी हे झालं नसतं. तेव्हा भुताला मुंबईला पत्र लिहावं लागलं असतं.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी मी उतरलो. सहदेव दारातूनच म्हणाला, "मास्तर, मी मोटारीतून पाहणी करतो." काळुराम म्हणाला, "मी पन्नास पावलं पुढं उभा राहतो. इंजिन बंद नाय करणार. मना पोरंबाळं हायेत." मोटार पुढे गेली. मी छत्री उघडली आणि बांधावर एकटा उभा राहिलो.

मामा, दुपारी बाराला मिठागरात आवाज नसतो. वारा पडलेला, पाणी हलत नाही, बगळा नाही. सगळीकडे इतकं पांढरं की डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागतात. दूरवर आमच्या मोटारीचं इंजिन धडधडत होतं, तेवढाच काय तो जगाचा आधार. आणि माझ्या अगदी पायाखालून, जमिनीतून, आवाज आला:

"आलास का रं? किती वाट बघायची?"

मी पळालो असतो. पण पाय मागे टाकायच्या ऐवजी बाजूला पडला, आणि सुटे दगड, मी व छत्री असे तिघे बांधावरून खाली गेलो. एक चप्पल वरच राहिली. चष्मा सापडला तेव्हा तिवरांच्या झुडपाआड, बांधाला पाठ लावून, पालथ्या टोपलीवर एक म्हातारी बसलेली दिसली. हातात जपमाळ, गुडघ्याशी काठी, एक पाय काठीसारखाच सरळ. तिने मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "लागलं काय? बस. पाणी हाय."

भुताने पाणी दिलं तर घ्यावं की नाही, हे कुठे शिकवलेलं नाही. मी घेतलं. ते मडक्यातलं, गार होतं. भांडं घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली, ती ऊबदार होती.

तिचं नाव लुर्दस. मिठागराच्या राखणदाराची विधवा, तिथेच खालच्या झोपडीत एकटी राहते. गेल्या पावसात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ते वाकडं सांधलं. "मना वर चढता नाय येत," ती म्हणाली. "मोटार ऐकू येते, म्हणून हाक मारते. मोटार भोंगा वाजवते नि जाते." भाचा लिनो आठवड्याने भरतीला होडी घेऊन तांदूळ टाकून जातो, पण होडीपर्यंत गुडघाभर चिखल आहे.

मी म्हटलं, आता मी संस्थेचा सेक्रेटरी आहे, आत्ता मोटार बोलावतो. आणि मी वर तोंड करून हाक मारली, "थांबव रे."

मामा, वर इंजिनाचा आवाज एकदम वाढला, हॉर्न वाजला, आणि आमची मोटार ठाण्याच्या दिशेने निघून गेली. एकाचे दोन आवाज झालेले ऐकून काळुरामने पोराबाळांचा विचार केला. बांध चढायचा मी तीनदा प्रयत्न केला. दगड पायाखालून सुटत होते आणि पाऊल मुरगळलेलं. अडीचला मोटार उलट कोलशेतकडे गेली, तेव्हा मी छत्री जेवढी वर जाईल तेवढी वर धरली. जमिनीतून आपोआप उगवलेली काळी छत्री पाहून ती आणखी जोरात गेली.

त्या तीन तासांत लुर्दसबाईने मला सांगितलं. ठाण्यात, चर्चच्या मागच्या गल्लीत तिची बहीण थेल्मा होती. पाठीला पाठ लावून आलेली, दोघीच. पूर्वी दर रविवारी थेल्मा या मोटारीने कोलशेतला उतरून मैलभर चालत हिच्याकडे येई. दसऱ्याला ती आजारी पडली, तेव्हापासून ही रोज बांधाखाली येऊन बसू लागली. नाताळच्या आधी लिनोने सांगितलं की आता फार दिवस नाहीत. चार दिवस हिने हाका मारल्या. पाचव्या दिवशी लिनो पुन्हा आला, तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

"आता कशाला येता मग?" मी विचारलं.

"तिची माती तरी बघायची," ती म्हणाली. "रोज बाराला कोणीतरी पडदा ओढतो, त्याचा आवाज खाली येतो. वाटायचं, माणसं हायेत आत. एक दिवस थांबतील."

मी तिला पडद्याबद्दल काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

तीनच्या फेरीला मोटार वळणावर थांबली. सहदेव एकटा खाली उतरला होता, डोळे मिटून. "मास्तर," तो हळू म्हणाला, "जिवंत असाल तर सातचा पाढा म्हणा." मी म्हटला. सात पंचे पस्तीसला त्याने डोळे उघडले. लुर्दसबाईला त्याने पाठुंगळी वर नेलं आणि मला काठीने ओढलं. मोटारीत पुढचं अख्खं बाक रिकामं झालं. एका कोळणीने तिचा हात चाचपून पाहिला, मग तोच हात धरून ती ठाण्यापर्यंत बसली. काळुराम स्टेशनवर न नेता मोटार थेट चर्चच्या दारात घेऊन गेला. रीतसर परवानगी कोणी विचारली नाही. द्यायची झाली असती तर ती आम्हीच द्यायची होती.

त्या रात्री मला ताप भरला. पण आठ दिवसांनी मी उठलो तोवर फुटक्या बांधाला बुटक्या बुटक्या चौदा पायऱ्या झाल्या होत्या, एका बाजूला धरायला पाइप होता, आणि मोटारीच्या दारात ठेवायला लाकडी पाट. दगड काळुरामने स्वतः वाहिले म्हणे. आता तिथे अधिकृत थांबा आहे. परवा एक आंधळे गृहस्थ आणि एक पोटुशी बाई येऊन पाटाची चौकशी करून गेली, त्यांच्या गावीही पायऱ्या होतील. लुर्दसबाई दर बुधवारी आणि शनिवारी जाते. एकंदरीत सगळं चांगलं झालं आहे. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्यांचं अवश्य कळवणे.

आपला आज्ञांकित,
त्र्यंबक

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. जिल्ह्याच्या वाहतूक कचेरीतून विचारणा आली आहे, की फुटका बांध थांब्यावर एकच उतारू चढत असता मोटार दोन मिनिटं का उभी असते. याला इंग्रजीत एक वाक्य तुम्ही लिहून पाठवावं. ते खोटं नसावं, आणि समजूही नये. वस्तुस्थिती अशी आहे की लुर्दसबाई वर चढली की दारात वळून म्हणते, "जरा थांब, बहीण येते मागनं." पहिल्या दिवशी सहदेवने म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मग पाट वाजला. तिच्या पायाखाली एकदा वाजला होता, आता पुन्हा एकदा, आणि मोटार त्या बाजूला किंचित कलली. तेव्हापासून दुसऱ्यांदा पाट वाजल्याखेरीज काळुराम गिअर टाकत नाही. संस्थेने ठराव केला आहे की 'उतारू चढल्याची खात्री होईपर्यंत मोटार हलवू नये.' ठराव एकमताने झाला. कोणता उतारू, हे सभेत कोणी विचारलं नाही.

ता. क. दुसरा. हे मंदाकिनीला कळवू नये. काल शनिवार होता. पुढच्या बाकावर मी होतो, लुर्दसबाई खिडकीशी बसली. पाट दुसऱ्यांदा वाजल्यावर सहदेव माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मास्तर, जरा सरकून बसा." मी सरकलो. बाक उन्हाने तापलेलं होतं, आमच्या मधली जागा तेवढी गार होती. टेंभी नाक्यापर्यंत आम्ही तिघे त्या बाकावर बसून आलो.