पिचकाऱ्यांचा हंगाम आणि राहिलेला विमा

सिल्वासा,
११ जानेवारी १९९८

तीर्थरूप भगवंतभावोजी,

सुधाकरचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातला आहे, पोचला असे समजावे). साखर किती आली? अक्का अजून तुमचे खिसे तपासते का? तपासत असेल तर प्रकृती उत्तम असणार. इकडे छाया आणि मी बरे आहोत.

मंगळवारी शैलजा घरी आली होती. एकोणनव्वद साली नाशिकच्या तंत्रनिकेतनातून माझ्या पिचकाऱ्यांच्या कारखान्यात सहा महिने शिकायला आलेली, दोन वेण्यांची, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारी मुलगी. तिला पाहिले आणि तो हंगाम आठवून मी दोन रात्री कूस बदलत काढल्या.

काय दिवस होते! वसाहतीत चार शेड, बाकी ताडाची झाडे. मुंबईला ट्रंक कॉल लावून माणूस जेवून यायचा, तरी कॉल लागलेला नसायचा. होळीच्या दोन महिने आधी धुळ्याकडून चिमाबाई वीसेक माणसे घेऊन उतरायची. शेडभर गरम प्लास्टिकचा वास, लाल-हिरव्या नळ्यांचे ढीग, आणि दट्टे बसवता बसवता बायकांची अहिराणी गाणी. प्लास्टिकात मिसळायचा रंग त्यांच्या नखांतून आखाजीपर्यंत, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, जात नसे. (माझ्या कानांतून ती गाणी अजून गेलेली नाहीत.)

आता कबुली. त्याआधीच्या दिवाळीला तुम्ही विम्याचा फॉर्म घेऊन आला होतात. हंगामी माणसेही मोज, त्यांची मजुरी दाखव, आणि शिकाऊ मुलीला पगार नाही म्हणजे ती या पॉलिसीत बसायची नाही, तिची अपघाताची वेगळी घे, असे तुम्ही तीनदा बजावलेत. मी नऊ कायम कामगार लिहिले आणि तुम्हाला दुसऱ्यांदा बासुंदी वाढली. दोन महिन्यांच्या माणसाला दोन महिन्यांत काय होणार, असे मला वाटले.

काय होणार ते जानेवारीअखेर कळले. मोल्डिंग मशीनवरचा माणूस लग्नाला गेला म्हणून मी चिमाबाईला त्या मशीनवर बसवले. (होय, मीच.) अडकलेली नळी काढायला तिने हात घातला आणि साचा मिटला. मी जागीच थिजलो. शैलजा पलीकडून धावली, तिने बटण दाबले, साचा उघडला. चिमाबाई ओरडली नाही. डोळे गच्च मिटून तिने मला विचारले, "दादा, मना हात शे ना?"

शैलजा म्हणाली, "आहे, मावशी. मी धरलाय."

दवाखान्यात आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. पुढे मी, मध्ये चिमाबाई, मागे तिचा हात उंच धरून शैलजा. स्कूटर दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा ती कशी तिरकी करायची हे चिमाबाईने सांगितले. दोन बोटांची पेरे गेली, हात वाचला. तिची वीस माणसे भाकऱ्या बांधून दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली, ती चिमाबाईला घरी सोडेपर्यंत उठली नाहीत. त्यामुळे चाळीस खोकी पिचकाऱ्या होळीनंतर तयार झाल्या. त्या किलवणीच्या शेतकऱ्यांना मिरचीच्या रोपांना पाणी मारायला विकल्या. (रोपे चांगली आली म्हणे.)

पण खरे ते अपघाताच्याच दिवशी संध्याकाळी घडले. चिमाबाई दसऱ्यापासून कायम कामाला आहे, असे मी रजिस्टरमध्ये लिहिले आणि साक्षीदार म्हणून सहीसाठी ते शैलजापुढे सरकवले. तिने वाचले, पेनाला टोपण लावले.

"सर, उद्या त्यांनी हे खोटं शोधलं तर मावशींचा हातही खोटा ठरवतील."

एकोणीस वर्षांची पोर, भावोजी, आणि तिच्या स्वतःच्या अपघात-विम्याचा कागद तर मी केलाच नव्हता! मी पान फाडले. चिमाबाई विम्यात बसत नव्हती म्हणून भरपाई काही चुकत नव्हती, ती माझ्या खिशातून गेली. स्कूटर विकली आणि वर्षभर सायकल मारली. वजन सात किलो उतरले. तेव्हा डॉक्टरांनी मला सायकल सांगितली असे तुम्हाला कळवले होते, ते खोटे होते.

पुढच्या हंगामात चिमाबाई येईल असे वाटले नव्हते. आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "कागदमा मना नाव शे का?" होते. विसांचीही होती. मोठ्याने वाचून दाखवावी लागली, आणि आपले नाव आले की एकेक जण 'हा' म्हणून आत जाई. तशी हजेरी मी आयुष्यात परत घेतली नाही. कारखाना बंद केला तेव्हा मशीन गेल्याचे काही वाटले नाही. जानेवारी आला आणि कोणी आले नाही, ते जड गेले.

अक्कास नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सुधाकर

ता. क. – शैलजाने किलवणीला स्वतःचा कारखाना काढला आहे, पाण्याच्या कुलरचा. उन्हाळ्याचे चार महिने हंगामी माणसांवर देखरेखीला मला बोलावते आहे. माझाही विमा काढल्याशिवाय आत घेणार नाही म्हणते, आणि तुमचे ऑफिस साठीच्या वर अपघाताची पॉलिसी देत नाही. तेवढे जमवावे. पत्र त्यासाठीच.

ता. क. दुसरे – फॉर्मवर मी एकोणसाठ लिहिणार होतो. शैलजा म्हणाली, "सर, एकोणनव्वद साली तुम्ही बावन्नचे होतात. केक मीच आणला होता." तेव्हा एकसष्ट लिहिले आहे. साहेबांना बासुंदी वाढून पाहावी.