निधन वार्ता कुठे टाकावी

६ जानेवारी २०२५, सोमवार
आजपासून 'कऱ्हा-नीरा शेतकरी मंच' या वेबसाइटचा मी अ‍ॅडमिन. बनवली पुतणीने, सोनलने. पण चालवायला डोकं लागतं. बाराशे मेंबर, शिस्त एकालाही नाही. उसाचं भाजीत, भाजीचं पाण्यात. मी तीस वर्षं वाचनालयात पुस्तकं लावली आहेत. महिन्यात सरळ करतो सगळ्यांना.

९ जानेवारी
सात विभाग, एकसष्ट उपविभाग. ऊस, त्यात लागण, त्यात आडसाली, त्यात कीड, त्यात हुमणी. तासभर नुसता बघत बसलो. सोनल म्हणाली, तात्या, मोबाईलवर एवढं कोण उघडत बसंल? म्हटलं, ज्याला गरज आहे तो.

१४ जानेवारी, संक्रांत
आज कुणावर ओरडायचं नाही असं ठरवलं.
सकाळी ९.१५. कुंडलिकने (लोणी भापकर, तीन गाई, अक्कल शून्य) गाईच्या सुजलेल्या कासेचा फोटो निधन वार्तेत टाकला. कुणाच्या तरी वारलेल्या चुलत्याखाली! फोन करून झापला. म्हणतो, तात्या, निधन वार्ता समदी रोज बघत्यात, म्हणून तितं टाकला. लोकांनी औषध बी सांगितलं. गाय बरी हाय.
गाय बरी झाली हा मुद्दाच नाही.

२० जानेवारी
निधन वार्ता पहिल्या पानावरून हलवली. आता समाज, त्यात कार्यक्रम, त्यात कौटुंबिक, त्यात दुःखद. पान कसं स्वच्छ दिसतंय. आमच्या मुक्ताबाईने विचारलं, मग कुणी गेलेलं कळायचं कसं? माहेरी तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे डोक्यात सारखं तेच. म्हटलं, शोधायचं.

२७ जानेवारी
आठवड्यात चार पोस्ट. तीन माझ्या. चौथ्यात एकाने विचारलंय, मंच बंद पडला का? म्हणजे फालतू गर्दी हटली. योजना यशस्वी.

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ७. सासूबाई, धोंडाबाई, पहाटे गेल्या. वडगाव निंबाळकर काय आणि आसपासची गावं काय, कुणाच्याही मयतीला ही बाई आधी पोचायची. मुक्ताबाई रडत रडत फोन लावायला बसली. मी फोन काढून घेतला. बाराशे मेंबर असताना एकेकाला सांगत बसायचं? फोटोसकट बातमी टाकली, योग्य विभागात. अंत्यविधी अकराला.

दुपारी २. गल्लीतली माणसं सोडली तर बाहेरगावची चार. साडेबारापर्यंत थांबलो. मुक्ताबाई सारखी रस्त्याकडे बघत होती. कृतघ्न लेकाचे! न आलेल्या एकेकाचं नाव लक्षात ठेवणार आहे.

११ फेब्रुवारी, दशक्रिया
या वेळी मुक्ताबाईने स्वतःच फोन केले. मला विचारलंही नाही. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुंडलिक सगळ्यांदेखत रडला. म्हणाला, माझ्या आईच्या मैतीला म्हातारी चालत आलती, अन् मला तिचं तोंड बी बघाया न्हाय गावलं. रोज मंच उघडत व्हतो तात्या, कुठं दिसलंच न्हाय. म्हटलं, नीट बघितलं नसशील. तिथल्या तिथे फोन काढून पोस्ट दाखवली. त्रेचाळीस वेळा उघडलेली! म्हणजे त्रेचाळीस जणांनी वाचलं आणि घरी बसले.
घरी आल्यावर सोनलला म्हटलं, नावं काढ, एकेकाला मंचावरून हाकलतो. तिने काढली, पण सांगेना. दोनदा ओरडलो. मग हळूच म्हणाली, तात्या, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस येळा काकीच हाय. आजीबद्दल कुणी काय लिवलंय का, बघत हुती.