मोठ्याने सांगितलेला पिन

मंगळवार, कुडवा. दिवेलागणीची वेळ.

आज एटीएममधून स्वतःच्या हाताने पैसे काढले. तरी मधला प्रकार आठवला की लाज वाटते, आणि हसूही येतं.

चौकात आता बोलणारं मशीन आलंय. इअरफोन लावला की पुढे काय करायचं ते कानात सांगतं. मला दिसत नाही म्हणून आजवर कार्ड चौकीदार नेवारेभाऊंच्या हातात द्यायची आणि पिन मोठ्याने सांगायची. माणूस सरळ, कधी फसवलं नाही. पण माझा पिन अख्ख्या रांगेला पाठ झाला असेल.

आज कानात आवाज आला, पिन टाका. आणि मी सवयीने चारही आकडे मोठ्याने बोलले. तेही दोनदा, कारण मशीन गप्प.

नेवारेभाऊ म्हणाले, "काऊन बोलून राहिल्या मॅडम? मशीनले ऐकू नाही येत. बटन दाबा."

मागे कोणीतरी हसलं. मीही हसले. पाचच्या बटणावरचा उंचवटा बोटाला लागला, तिथून बाकीचे आकडे सापडले. पैसे आले. मग तिथेच पिन बदलायला घेतला, तेव्हा नेवारेभाऊ आपणहून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं असेल का? निघताना "या मॅडम" म्हणाले ते नेहमीसारखंच.

घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "नवा पिन काय ठेवला?" म्हटलं, सांगणार नाही.

ही वही ब्रेलमध्ये आहे, घरात दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. तरी इथेही लिहीत नाही.