चुलीमागची भिंत

आयेस रुपाचा वाकून नमस्कार. सिद्धगडाच्या वाडीवर फोन लागत नाय, म्हणून कागद धाडते. दादा वाचून दाखवील. दादा, मधलं काय गाळू नको.

मी बरी हाय. पुण्यात जेवण पोटभर मिळतं, भात तेवढा आपल्यासारखा नाय. सिमेंटनं बोटं सोलली होती, खोबरेल लावते. तुझी मान कशी हाय?

गवंडीकामाच्या वर्गात पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. सर म्हणाले, "चला, भिंत बांधूया." पोरं सरळ विटांकडं गेली आन् आमी पोरी घमेली घेऊन उभ्या! कोणी सांगितलंबी नव्हतं. सर हसले नाय. त्यांनी घमेलं काढून घेतलं आन् माझ्या हातात थापी दिली. हा वर्ग पुरा झाला की मोठ्या कामावर शिकाऊ गवंडी म्हणून घेणार हायेत.

आता माल वाहायची पाळी सगळ्यांना येते. काल एका पोरानं माझ्यापुढं घमेलं उतरवलं आन् मान चोळत उभा राहिला. मला तूच दिसलीस. शहापूरच्या कामांवर किती भिंतींना माल दिलास तू, पण थापी कधी हातात आली नाय.

आपल्या घरकुलाचं काम सुरू झालं का? गवंड्याला सांग, चुलीमागची भिंत रुपा येऊन बांधील. बाबा म्हणतील, लोक हसतील. हसू दे. त्या दिवशी तू घमेल्याला हात लावायचा नाय, सावलीत बसून बघायचं. माल बाबा आणतील. त्यांना आताच सांगून ठेव.

तुझी लेक,
रुपा