आमच्या मरणाचा सिनेमा

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. सुकेशनी मावशीलाही नमस्कार.

वि. वि. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि घरात आलेला प्रत्येक जण माझं बोलणं ऐकतो, म्हणून हे पत्र. फेब्रुवारीत शिरपूर जैनला शूटिंग केलं तो माझा सिनेमा पूर्ण झाला. नाव ‘दोन घागरी’. पुढच्या महिन्यात इथल्या महोत्सवात तो स्पर्धेत आहे. समलिंगी माणसांच्या आयुष्यावरच्या सिनेमांसाठी तिथं वेगळा पुरस्कार असतो. देशभरातून सात सिनेमे निवडले, त्यात माझा एक.

तुला तेव्हा दोन मैत्रिणींची गोष्ट एवढंच सांगितलं होतं. खरं म्हणजे ती तुमची गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत चार दुपारी तू आणि मावशी मला सांगत होतात, मी वहीत लिहून घेत होते, ती. नावं बदललीत, गाव बदललंय. काही गोष्टी सिनेमासाठी बदलाव्या लागल्या. बघितल्यावर रागावू नकोस.

विकासदादा शनिवारी कामरगावला येईल तेव्हा लॅपटॉपवर दाखवील. धनजला बाबांना मात्र एवढ्यात काही कळू देऊ नको. तुझं डाळिंबी पातळ माझ्याकडेच आहे, पुढच्या खेपेला आणते. मावशीच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

आशीर्वाद असू दे, तो मागायची मला सवयच आहे.

तुझी
रूपाली

*

कामरगाव,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. रूपालीस आशीर्वाद.

सुकेशनीचा गुडघा ठीक आहे. तूर फुलावर आहे. थंडी बेताची आहे. ख्यालीखुशाली संपली.

सिनेमा पाहिला. विकास लॅपटॉप ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला, तेव्हाच मले समजायला पाहिजे होतं. एकतीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलं, पण आज शाळेतलं मराठी लिहवत नाही. जसं येईल तसं वाच.

मले किळस आली. दोन बायका एकमेकींवर जीव लावतात याची नाही, तो तर आमचा संसारच आहे. मले किळस आली तू आम्हाला मारलं त्याची. शेवटी भाऊ गावासमोर दोघींच्या तोंडाला काळं फासतो, मग दोघी एकमेकींच्या पदराला गाठ मारून विहिरीत उडी घेतात, आणि माझं डाळिंबी पातळ पाण्यावर फुगून तरंगतं. तीन मिनिटं तरंगतं, मी घड्याळ पाहिलं. वर सनई. ते पातळ आता आणू नको.

तुले आम्ही चार दुपारी काय सांगितलं होतं? सुकेशनी ब्याण्णव साली उपकेंद्रावर नर्स म्हणून आली. तिले गावात कोणी खोली देईना, कारण तिची जात विचारून झाली होती. मी माझी अर्धी खोली दिली. मग अर्धी-अर्धी राहिलीच नाही. तुझा बाप अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही. अकराव्या वर्षी त्याले टायफॉइड झाला तेव्हा सुकेशनी सायकलवर धनजले जाऊन सलाईन लावून आली, नऊ दिवस. गावानं कुजबुज केली ती केलीच, पण त्याच बायका रांग लावून तिच्याकडून लेकरांना सुया टोचून घेत होत्या. बत्तीस वर्षं झाली. आम्ही भाजीच्या मिठावरून भांडतो. यात तुले सिनेमा दिसला नाही, विहीर दिसली.

आणखी एक. सुकेशनीची तू सुलोचना केली. घरातल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून तिथं देवाची तसबीर लावली. सुकेशनी लॅपटॉप बंद झाल्यावर उठली, आमच्या भिंतीवरचा फोटो पुसला आणि कणीक मळायला बसली. मले हे सगळ्यात जास्त लागलं. आम्हाला मारायच्या आधी तू तिले पुसून टाकलं होतं.

अशा सिनेमाले बक्षीस मिळत असेल तर ते देणाऱ्यांचीही मले किळस आहे. जेवण वेळेवर कर. मायेत कमी नाही, पण आज ती शोधू नको.

तुझी
वैजयंती आत्या

*

पुणे,
१४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. आधी मनात उत्तरं तयार होती. कलेत बदल करावे लागतात, वगैरे. ती आता लिहीत नाही.

मी पहिल्यांदा लिहिलेल्या सिनेमात कोणीच मरत नव्हतं. शेवटी त्या दोघी कारंज्याच्या बाजारातून छत्री विकत घेऊन येतात आणि ती कोणी धरायची यावरून वाद घालतात. उत्कर्ष, म्हणजे ज्याचा पैसा सिनेमात आहे तो, वाचून म्हणाला की यात काही घडतच नाही. असल्या सिनेमात माणसं दुःख बघायला येतात, बाजार बघायला नाही. मी आठ महिने नाही म्हणत होते. मग विहीर लिहिली. फोटोचंही तोच म्हणाला, की एका सिनेमात एकच प्रश्न असावा, दोन झाले की प्रेक्षक गोंधळतो. तेही मी ऐकलं. तो म्हणाला हे खरं, पण हात माझाच होता.

आता इथलं ऐक. सात सिनेमे आहेत. पाचांत कोणीतरी मरतं. एक फास, दोन विष, एक मारहाण आणि आमची विहीर. चहाच्या रांगेत लोक अंदाज करतात की यंदा कोणतं मरण जिंकेल. एक जण मला म्हणाला की विहिरीला चान्स आहे, कारण पाणी पडद्यावर चांगलं दिसतं. मी हसले, आत्या. सवयीनं हसले.

मग परवा आमचा खेळ झाला. संपल्यावर मला स्टेजवर बोलावलं. एका बाईनं डोळे पुसत विचारलं की ही गोष्ट खरी आहे का. मी हो म्हणाले. तिनं विचारलं, त्या दोघींचं खरंच असं झालं का? उत्कर्ष शेजारी उभा होता. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी म्हणाले, हो, त्या गेल्या. कामरगाव नावाच्या गावात, एक शिक्षिका आणि एक नर्स.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्या मी घेतल्या. नंतर बाथरूममध्ये जाऊन ओकले. ओकल्यावर बरं वाटतं म्हणतात, मला वाटलं नाही. माझ्या तोंडाची मला किळस येते आहे. त्याच तोंडानं लहानपणी तुझ्या ताटातलं खाल्लंय.

काल उत्कर्षला सांगितलं की सिनेमा स्पर्धेतून काढ. त्यानं करार दाखवला. सिनेमा त्याचा आहे, मला वाटलं तर मी माझं नाव काढावं. मी काढलं. उद्या निकाल आहे. मी थांबणार नाही, आत्ताच खोलीवर निघाले आहे.

क्षमा मागायला तोंड नाही. पत्र फाडलंस तरी चालेल, वाचून फाड.

रूपाली

*

कामरगाव,
२० डिसेंबर २०२४

रूपाली,

तुझं पत्र यायच्या आधी पेपर आला. तुझा सिनेमा जिंकला. तुझ्यावाचून जिंकला. वाशिमच्या पानावर बातमी आहे की कामरगावातल्या शिक्षिका आणि नर्सच्या प्रेमाची आणि आत्महत्येची ही सत्यकथा आहे. नाव छापलं नाही. गावात दुसरी कोणती शिक्षिका दुसऱ्या कोणत्या नर्ससोबत राहते?

बबनरावानं आपल्या हॉटेलात ती बातमी चहा पिणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. दुपारी सुंदरबाई दारात येऊन उभी राहिली. सुकेशनीनं तिची तीन बाळंतपणं केली आहेत. तिनं आधी दोघींना डोळे भरून पाहिलं. मग विचारलं की बाई, पेपरात लिवलं ते खोटं नं? सुकेशनी म्हणाली की मेलो हे खोटं, बाकीचं खरं. बत्तीस वर्षांत हे वाक्य आम्ही गावात कोणाजवळ बोललो नव्हतो. मैत्रिणी आहोत असंच सांगत होतो. सुंदरबाई आत येऊन बसली. मग म्हणाली की बीपी तपासून दे. तपासून गेली.

सगळे सुंदरबाई नाहीत. दूधवाल्यानं दूध बंद केलं. फाटकावर कोणीतरी कोळशानं एक शब्द लिहून गेलं. तो मी घासून काढला, इथं लिहीत नाही.

तुझ्या ओकारीचं मी काय करू? मले फक्त एवढं कळव, हा सिनेमा पुढं कुठं दाखवणार आहेत.

वैजयंती

*

पुणे, २६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न.
अमरावती. १२ जानेवारी, रविवार, दुपारी चार. बसस्टँडजवळच्या कॉलेजचं सभागृह. उत्कर्ष येणार आहे. मी येऊ का?
रूपाली

*

कामरगाव,
२२ जानेवारी २०२५

प्रिय रूपाली,
जय भीम.

तू येऊ का म्हणून विचारलं, वैजूनं उत्तर दिलं नाही, आणि तू आली नाही. म्हणून काय झालं ते मी लिहून राह्यली. तिले माहीत नाही.

शनिवारी धनजहून तुझे बाबा आले. हातात तो पेपर, घडी करून करून फाटलेला. दारातच सुरू झाले. म्हणाले की तुमची मले तेव्हाही शिसारी होती, आताही आहे, आणि पोरीनं तर घराण्याचं तोंड काळं केलं. वैजूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की उद्या आम्ही अमरावतीले चाललो, पोरीनं तुमचं काय केलं ते पाहायचं असंल तर चला दादा. त्यांनी जेवायले नाही म्हटलं. पण सकाळी बसस्टँडवर उभे होते.

सभागृह भरलं होतं. कॉलेजची पोरंपोरी जास्त. आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो, तुझे बाबा जानराव टोकाले. सिनेमात तो भाऊ काळं फासायले लागला तेव्हा ते खाली पाहून राह्यले. मी नर्स आहे, माणसाचा श्वास ऐकू येतो मले. त्यांचा भरभर चालला होता.

सिनेमा संपला. तो उत्कर्ष स्टेजवर आला. म्हणाला की या दोन अभागी स्त्रियांसाठी आपण दोन मिनिटं उभं राहू. सगळे उभे राहिले. वैजू बसून राहिली, मग मीही बसली. बिल्ला लावलेला एक मुलगा वाकून हळू आवाजात म्हणाला की आजी, श्रद्धांजली आहे, उभ्या राहा. वैजू त्याले म्हणाली की बाळा, आपल्याच श्रद्धांजलीले कोणी उभं राहते काय. तिनं आपल्या वर्गातल्या आवाजात म्हटलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

माईक आला. ती म्हणाली की शिक्षिका मी आणि नर्स ही. हिचं नाव सुकेशनी आहे, सुलोचना नाही, आणि आमच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत. आम्ही मेलो नाही, रिटायर झालो. पोरं टाळ्या वाजवू लागली. तिनं हात वर करून थांबवल्या. म्हणाली की आमच्या मरणाले पण तुम्ही अशाच टाळ्या वाजवल्या असतील, म्हणून मले त्या नको. उत्कर्ष म्हणाला की विहीर प्रतीक आहे. ती म्हणाली की आमच्या फाटकावरचा कोळसा प्रतीक नव्हता, तो मी दोन दिवस घासला. हा सिनेमा पाहून मले घाण हाताला लागल्यावाणी वाटते, आणि बक्षीस देणाऱ्यांना तसं वाटलं नाही याची जास्त किळस येते. तो मग खुर्चीवर जाऊन बसला.

मले वाटलं संपलं. तेवढ्यात जानराव उभे झाले. माईक दोन्ही हातांनी धरला. म्हणाले की मी तो भाऊ. मी काळं फासलं नाही. बहिणीचं समजलं त्या दिवशी मी धनजच्या चौकात बादली मागवली आणि चार लोकांसमोर तिच्या नावानं आंघोळ केली. बहीण मेली म्हणून सांगितलं. अकरा वर्षं सांगितलं. पुढं हिच्याच हातची सलाईन घेतली, तरी केलं ते चुकलं असं कधी म्हटलं नाही. आता माझ्या पोरीनं स्टेजवर उभं राहून तेच सांगितलं, तर तिले ते कुठून आलं हे मले विचारायची गरज नाही.

एवढं बोलून ते बसले. हे वैजूले माहीत नव्हतं, रूपाली. आंघोळीचं. ती समजत होती की नुसता अबोला होता. धनजच्या चौकातल्या चार लोकांना माहीत होतं, तिले नाही.

बसमध्ये तिनं खिडकी धरली. जानराव मागच्या सीटवर. उतरायच्या थोडं आधी ते म्हणाले की वैजू, काही बोल. ती म्हणाली की आज नाही बोलवत. पण कामरगावले उतरल्यावर ते धनजच्या जीपकडे चालले, तेव्हा तिनं म्हटलं की जेवून जा. जेवले. कोणी कोणाकडं पाहिलं नाही. भाजीत मीठ जास्त होतं, ते मी केलं होतं.

मागल्या बुधवारी अमरावतीहून दोन पोरी पत्ता शोधत आल्या. त्या सभागृहात मागं बसल्या होत्या. त्यांना आमचं घर पाहायचं होतं. घरात काय आहे पाहायले, दोन खोल्या. त्या तरी सगळं पाहून राह्यल्या, चहाची गाळणी, माझ्या गोळ्या, दोरीवरचे कपडे. एक जरा धीट होती. निघताना म्हणाली की आमाले वाटत होतं दोनच रस्ते असतात, पोरगा पाहून लग्न नाहीतर विहीर. दुसरीनं वाकून नमस्कार केला, मी पाय मागं घेतले.

दूध आता कारंज्याहून पिशवीचं आणतो. काही घरं अजून तोंड फिरवतात. सुंदरबाई येते.

वैजू तुझं नाव घेत नाही. तू माझ्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवला, तो राग मलेही आहे, माझा वेगळा आहे आणि तो मी तुले तोंडावरच सांगीन. कधी येतेस ते पाहा. दार मी उघडीन. आतमध्ये ती काय बोलंल, बोलंल की नाही, याची हमी मी देत नाही.

माया आहे तिथंच आहे, तू ये.

तुझी
सुकेशनी मावशी