सौ. सगुणेचे उपवास सरकारी हुकमाने मोडण्याबाबत

रत्नागिरी,
गुरुवार, ता. २३ नोव्हेंबर १९३३

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, रत्नागिरी यांचे सेवेशी

विषय : अर्जदाराच्या कुटुंबास जेवण्याचा लेखी हुकूम मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची हर्णैहून रत्नागिरीस बदली केल्याचा जुना हुकूम (कारण कलम ४ मध्ये).

महोदय,

अर्जदार सखाराम लवू पावसकर, पेन्शनर कारकून, अदबीने कळवितो की :

१. अर्जदाराचे कुटुंब सौ. सगुणा, वय बावन्न, हिचे उजवे मनगट श्रावणात मोडले. ती उंचावरून पडली नाही. परसातल्या जांभ्याच्या पायरीवर पाय घसरला म्हणून हात टेकला, इतकेच. पायरी शाबूत आहे. मनगट अद्याप धड सांधलेले नाही.

२. डॉक्टर म्हणतात की, स्त्रियांचा मासिक धर्म बंद झाला (सरकारी कागदात हा शब्द आल्याबद्दल माफी असावी) की हाडे आतून विरळ होऊ लागतात. अशा वयात फार चरबी बरी नव्हे हे खरे, पण उपाशी राहून ती झपाट्याने उतरविली की तिच्यासोबत मांस जाते आणि हाडांचा कसही जातो. दूध घ्यावे, मांदेली काट्यासकट खावी, सकाळच्या उन्हात चालावे. नाहीतर पुढचे हाड कमरेचे, आणि मग अंथरूण सुटणार नाही.

३. चरबी उतरविण्याचे कारण अर्जदार आहे. गेल्या वर्षी भाट्याच्या तरीवर सौ. सगुणेने पाय ठेवताच होडी कलली. अर्जदार चारचौघांत होडीवाल्यास म्हणाला, "केरू, आता दुसरा उतारू घेऊ नको रे, हिच्यात तिघे आले." सगळे हसले. तीही हसली, त्यामुळे प्रकरण निकालात निघाले असे अर्जदाराने धरले. त्याच आठवड्यात तिने सोमवार धरला. पुढे गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. शेजारच्या सोनूबाईंनी तिच्या बांध्याची वाखाणणी केली, तेव्हा अर्जदारही "आता बरी दिसतेस" असे बोलून गेला. त्यात शनिवारही उपासाला गेला. उरलेले वार मोकळे आहेत, पण त्या दिवशी तिला भूक लागत नाही.

४. विनवण्या करून पाहिल्या. देवाला दिलेला शब्द आपण होऊन मोडणार नाही, असे तिचे म्हणणे. मात्र हर्णैस असताना दर चतुर्थीस आंजर्ल्याच्या गणपतीला जाण्याचा तिचा नेम अर्जदाराच्या बदलीने मोडला, तेव्हा सरकारी हुकमाने मोडलेल्या नेमाचा दोष लागत नाही, असा निर्वाळा भटजींनी दिला होता. तो ती आजही मानते.

५. आपल्या कचेरीत असे कलम नसल्याचे कळले. तथापि कोंडवाड्यात गूर उपाशी राहिल्यास सरकार जाब विचारते. सौ. सगुणेचा दर्जा त्याहून कमी धरू नये. हुकमाने काही पाप होत असल्यास ते अर्जदाराच्या नावे टाकावे. सरकारला तोशीस नको.

६. येथवर लिहून होताच सौ. सगुणेने मजकूर वाचून दाखविण्यास सांगितले. कलम ३ तिने दोनदा वाचावयास लावले. मग म्हणाली, "म्हंजे ठाऊक होतं तुम्हाला."



७. बायकोचे व्रत नवऱ्याने पुढे चालविण्याची चाल आहे. त्या आधारे तिने आपले सर्व वार अर्जदाराच्या हवाली करण्याची तयारी दाखविली आहे. "मी जेवते, तुम्ही धरा. पण तुमच्या शब्दावर नाय. त्यालापण कागद हवा."

तरी एकाच कागदावर दोन हुकूम व्हावेत : सौ. सगुणेने जेवावे, आणि अर्जदाराने जेवू नये. आज गुरुवार आहे. पान वाढून ठेवले आहे, आणि कागद येईपर्यंत त्याला दोघांपैकी कोणीही हात लावीत नाही.

हुकमाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
सखाराम लवू पावसकर

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी. बदलीच्या हुकमाची नक्कल.