तुरीची किल्ली

५ जुलै
रोजनिशीची माफी मागतो, वीस दिवस हात लावला नाही. कारण पेरणी आणि बायको पुष्पाबाई. चार ओळी सोयाबीनला एक ओळ तूर, हा तिचा हट्ट. मी म्हणालो, सहाला दोन. ती रुसून मुलीकडे बुलढाण्याला गेली. मी सहाला दोनच पेरलं. घरात कुणीतरी ठाम हवं.

९ जुलै
भाकरी पुन्हा करपली. माफीचा मेसेज लिहावा म्हणतो. पण तिचा मोबाईल आधी नात छकुली वाचते. माझा मान काय राहील? उपाय व्हिडिओत सापडला. मजकुराचे आठ-आठ अक्षरांचे ठोकळे पाडायचे, किल्लीप्रमाणे अक्षरं हलवायची. ज्या किल्लीने बंद, तिनेच उघडायचं. सातवी पास माणसाला एवढं पुष्कळ.

११ जुलै, सकाळ
किल्ली ठरली: यंदाची पेरणी. सहा अक्षरं सोयाबीन, दोन तूर. तुरीची पुढे आणायची, सोयाबीनची उलटी लिहायची. व्हिडिओत हेच पुन्हा पुन्हा, सोळा फेऱ्या होत्या. तिसरीलाच मान दुखली. मेहकर तालुक्याला तीन पुरतात.

१२ जुलै
पाठवला. सोबत पद्धत, आणि ‘किल्ली म्हणजे आपली पेरणी’. छकुलीने तूर फक्त डब्यात पाहिली आहे. पद्धत जगाला कळली तरी चालते, किल्ली लपवा, असं व्हिडिओ सांगतो. म्हणून पद्धत चहाच्या टपरीवर समजावली आणि तोच मजकूर गावच्या ग्रुपवर टाकला. फोडा म्हटलं. किल्ली माझ्या डोक्यात आहे.

१३ जुलै
शेजारच्या शेताचा शेषराव चहा संपायच्या आत फोडून बसला. म्हणाला, नारायणराव, तुमच्या डोक्यात सोयाबीन-तुरीबिगर हाय तरी काय? बांधावरून ओळी मोजल्या म्या. टपरीवर माझी माफी मोठ्याने वाचली गेली. तरी हा पद्धतीचा दोष नव्हे. शेत रस्त्याला लागून आहे.

१५ जुलै
मुलीचा, दीपमालाचा फोन. आई दोन दिवस कागद घेऊन बसली आहे, काहीच जुळत नाही. बाबा, चारला एकच पेरलं ना तुम्ही? रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. किल्ली सांगावी तर पेरणी कळते. गावाला उघडलं, तिलाच बंद.

१७ जुलै
शेषरावाची शालूबाई पुष्पाबाईशी फोनवर बोलली. निरोप आणला: लोकायच्या तोंडून आयकलं म्या सारं. आता मले त्यायनं सरळ लिहावं.
लिहिलं. सहाला दोन पेरलं. तूर दाटली, सोयाबीन पिवळं पडलं. चुकलो. ये.
छकुलीने अंगठा पाठवला. पुन्हा लिहिलं: तो तुझा होकार धरायचा का?
तू स्वतः काय ते कळव. आजच कळव.